सुप्याच्या बाजारात काय जळलं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, पाठ्यपुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जो भाग असतो, तोच का हा? हो, तोच. बहुतेकांना तो शाळेत एका टिपेत भेटलेला असतो. साल १८७५, कारण सावकारी पिळवणूक, परिणाम १८७९ चा कायदा. आम्हीही तो तसाच पाठ केला होता. पुढे या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल वाचायला घेतला, तेव्हा एक प्रश्न मनात अडकला आणि तो काही सुटेना. चिडलेला जमाव सावकाराच्या दारात उभा आहे. आत धान्य आहे, कापड आहे, रोकड आहे, दागिने आहेत. सावकार आयताच हाती लागलेला आहे. आणि हे लोक मागतात काय, तर कागद! आज आपण या एका प्रश्नाच्या मागे जाणार आहोत.

आधी घटना पाहू. पुणे आणि सुपे ही जोडी आपल्याला शहाजीराजांच्या जहागिरीमुळे माहीत असते. त्यातलं हे सुपे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आता बारामती तालुक्यात येतं. १२ मे १८७५. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमलेले. त्यांनी गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला, वह्या आणि कर्जरोखे काढून घेतले आणि जाळले. सुप्यात लूटही बरीच झाली, ती लपवण्याचं कारण नाही. पण पुढच्या दिवसांत हे लोण जसं गावोगाव पसरलं, तसं त्याचं रूप बदलत गेलं. शिरूर, इंदापूर, हवेली, आणि भीमेपलीकडे नगर जिल्ह्यात श्रीगोंदा, पारनेर, कर्जत. गाव जमायचं, सावकाराला बोलवायचं, ‘आमची खतं दे’ म्हणायचं. त्याने निमूट दिली की ती फाडायची, जाळायची आणि घरी जायचं. त्याने नाही म्हटलं तर कडब्याच्या गंजीला काडी लावायची, घर पेटवायची धमकी द्यायची. काही जागी मारहाण झाली, लोक जखमी झाले. पण एवढ्या मोठ्या पट्ट्यात एवढा संताप उसळूनही हिंसा फार थोडी झाली, हे आयोगालाही नोंदवावंसं वाटलं. रोखे हातात आले की माणसाला धक्का लावायचा नाही, असा जणू अलिखित नियमच होता.

सरकारने घोडदळ पाठवलं, पायदळ पाठवलं, गावांच्या खर्चाने जादा पोलीस बसवले. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ लोकांना अटक झाली, त्यातल्या ५०१ जणांना शिक्षा झाली. उरलेले सुटले. साक्ष द्यायला गावातून कोणी पुढे यायचं नाही, ही पोलिसांची मोठी अडचण होती.

(एक सहज आठवलं म्हणून सांगतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली, तिचंही साल १८७५ च आहे. म्हणजे शहरात लोक व्याख्यानं ऐकायला जमू लागले आणि साठ-सत्तर किलोमीटरवर लोक खतं जाळायला जमले, हे एकाच वर्षातलं आहे.)

आता कागदाकडे येऊ. सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. पेशवाईतही गावात सावकार होता, शेतकरी कर्ज काढत होता, खतं लिहून देत होता. व्याज तेव्हाही जबर होतं. कर्ज देताना आधीच काही रक्कम कापून घ्यायची, तिला ‘मनोती’ म्हणायचे, तीही जुनीच. मग बदललं काय?

बदलली ती वसुलीची रीत. जुन्या व्यवस्थेत सावकाराकडे खत असलं तरी ते खत आपोआप चालत नसे. त्याने तगादा लावायचा, माणूस दारात बसवायचा, फार झालं तर धरणं धरायचं. वाद वाढला तर पंचायत. आणि पंचायत म्हणजे तुमच्याच गावातले, तुमचं पीक किती आलं हे डोळ्यांनी पाहिलेले लोक. शिवाय गावाचा सारा बऱ्याच अंशी गावावर मिळून बसलेला असल्यामुळे पाटलाला सावकाराची गरज आणि सावकाराला पाटलाची. सावकार गावाला सांभाळून राहायचा. हे काही रामराज्य नव्हतं. पण सावकाराच्या जोराला एक मर्यादा होती, आणि ती मर्यादा गावात होती.

इंग्रजी अमलात ही मर्यादा एकेक करून गेली. रयतवारीत सारा प्रत्येक खातेदाराच्या नावावर बसला, तेव्हा गावाची सामाईक जबाबदारी संपली. जमिनीला विकता येण्याजोगी किंमत आली, म्हणजे ती तारण म्हणून चालू लागली. एल्फिन्स्टनच्या काळच्या १८२७ च्या कायद्यात कोर्टाने शेकडा १२ पेक्षा जास्त व्याज देववू नये अशी अट होती. १८५५ साली व्याजावरची ही बंधनं उठवली गेली. दोन पक्ष राजीखुशीने जे ठरवतील ते ठरवतील, सरकारने मध्ये पडू नये, हा तेव्हाचा अर्थशास्त्रीय विचार. मग १८५९ साली दिवाणी कामकाजाची नवी संहिता आली. कर्जदाराची जमीन, घर, गुरं जप्त करता येऊ लागली, त्याला अटकही करवता येऊ लागली. प्रत्यक्ष कैदेत फार लोक गेले असं नाही, पण ‘बेलिफ घेऊन येतो’ एवढं म्हणणं पुरायचं.

आणि त्याच १८५९ साली मुदतीचा कायदा आला. हा कायदा मोठा गमतीचा आहे, गंमत अर्थात आपल्याला, ज्याच्यावर बेतली त्याला नाही. सरकारचा हेतू चांगला होता. जुनी खतं वर्षानुवर्षं पडून राहतात, व्याज साचत जातं, म्हणून ठरवलं की नोंदणी नसलेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा करता येईल. शेतकऱ्याला दिलासा! घडलं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, एक तर दावा लावतो, नाहीतर नवं खत करून दे. शेतकरी नवं खत करून द्यायचा. त्या नव्या खतात जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज, हे सगळंच ‘मुद्दल’ म्हणून लिहिलं जायचं.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या, हिशेब करून पाहू. शंभर रुपये कर्ज. दर शेकडा दरमहा दोन रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस. तेव्हाच्या मानाने हा काही फार वरचा दर नाही. समजा, मधे काहीच फेडलं नाही. तीन वर्षांनी होतात १७२. नवं खत १७२ चं. पुढच्या तीन वर्षांनी सुमारे २९६. पुन्हा खत. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५. शेतकऱ्याने बारा वर्षांपूर्वी एकदाच शंभर रुपये घेतलेत, आणि हातातलं खत म्हणतं की तो ८७५ रुपये ‘मुद्दल’ देणं लागतो.

आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही वर्षांचं असो, एका वेळी मुद्दलाच्या दुप्पटीपेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. शंभराचे दोनशे, पुढे नाही. हा धर्मशास्त्रातला जुना नियम, आणि मुंबई इलाख्यातली कोर्टंही तो हिंदू कर्जदाराच्या बाबतीत मानत. पण आपण आत्ता केलेल्या हिशेबात दामदुपट मोडली कुठे? कुठेच नाही. प्रत्येक खत स्वतंत्र, प्रत्येकाचं मुद्दल नवं. नियम शाबूत आणि माणूस बुडालेला. आयोगासमोर तर शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज आकारल्याचं उदाहरण आलं होतं.

मधे फेडलं नाही असं आपण समजलो, पण फेडत तर ते होतेच. सुगीला धान्य सावकाराच्या घरी जायचं. भाव सावकार ठरवणार, माप सावकाराचं, वहीत लिहिणार सावकार. पावती नाही. मागितली तर ‘विश्वास नाही का?’ असं उत्तर. फेडलेलं सावकाराच्या मर्जीवर आणि घेतलेलं मात्र काळ्यावर पांढरं, असा हा एकतर्फी कारभार. याहून चमत्कारिक कागद म्हणजे भाड्याचा. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन, बैल, गाडी सगळं सावकाराच्या नावावर झालं. पण बैलांशिवाय शेत कसं करणार? मग तेच बैल, तीच गाडी, तीच जमीन शेतकरी सावकाराकडून भाड्याने घ्यायचा आणि लिहून द्यायचा की ही जनावरं माझी नाहीत. दावणीला बांधलेला, स्वतः लहानाचा मोठा केलेला बैल. त्याच्यासमोर बसून हे लिहून द्यायचं.

‘लिहून द्यायचा’ हे आपण सवयीने म्हणतो. लिहीत तो नव्हताच. लिहिणारा दुसरा कोणी असायचा, बहुतेक वेळा सावकाराचाच माणूस. शेतकरी खाली निशाणी करायचा. जुने कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना माहीत असेल की कुणब्याची निशाणी नांगराची असते. अंगठ्याची पद्धत नंतरची. आम्ही प्रथम असं खत पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या नांगराकडे पाहत बसलो होतो. वर मोडीतल्या ओळी, त्या त्याला वाचता येत नाहीत, आणि खाली एवढुसा नांगर. कोर्टाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की या गृहस्थाने वरील मजकूर समजून-उमजून मान्य केला आहे.

कोर्टाचा न्यायाधीश वाईट होता असं नाही. तो तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी बसलेला. त्याच्यासमोर खत येतं, साक्षीदार येतात, प्रतिवादी बहुतेक येतच नाही. समन्स त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं, पोचलं तरी वाचता आलेलं नसतं, वाचून घेतलं तरी ऐन कामाच्या दिवसांत वीस मैल चालत जाऊन ‘मी फेडलंय’ म्हणायला त्याच्याकडे पुरावा काय? एकतर्फी हुकूमनामा होतो. कायद्याप्रमाणे सगळं चोख. म्हणजे ज्या वादाचा निकाल पूर्वी गावात, पीक पाहिलेल्या माणसांसमोर लागायचा, तो आता फक्त कागद बोलू शकतो अशा जागी लागू लागला. आणि कागद ज्याच्या भाषेत बोलतो, तो जिंकतो.

शेतकऱ्यांनी रोखे का जाळले याचं उत्तर इथे आहे असं आम्हाला वाटतं. ते अडाणीपणातून झालेलं नाही. कोर्टातल्या अनुभवातून त्यांना नेमकं कळलं होतं की सावकाराचा जोर त्याच्या तिजोरीत नाही, त्याच्या लाठीतही नाही, तो त्या कपाटातल्या कागदांत आहे.

पण मग १८७५ च का? याचा उलगडा थोडक्यात करतो, कारण तो पुस्तकांत भरपूर आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशांचा पूर आला आणि तो निर्यातदारांकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून गावच्या सावकाराकडे असा झिरपत खेड्यात पोचला. सावकार बोलावून बोलावून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. तेवढ्यातच तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून नवी आकारणी झाली. इंदापुरापासून सुरुवात झाली आणि सारा पन्नास टक्क्यांच्या वर वाढला, कुठे दुपटीपर्यंत गेला. तेजीच्या दिवसांकडे पाहून केलेली आकारणी मंदीत वसूल होऊ लागली. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला, गावोगाव माहिती गोळा केली. इकडे भाव पडल्यावर सावकारांनी हात आखडला. नवं कर्ज नाही, आणि जुन्याची वसुली मात्र कोर्टातून. मे महिना म्हणजे पेरणीच्या तोंडावरचा. बियाण्याला पैसा लागणार तेव्हाच दार बंद.

ठिणगी पडली ती मात्र पैशापेक्षा मानापमानाच्या गोष्टीवरून. डिसेंबर १८७४, शिरूर तालुक्यातलं कर्डे गाव. तिथल्या एका मारवाडी सावकाराने गावच्या देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, त्यांचं घर आणि जमीन लिलावात स्वतःच घेतली. देशमुखांनी विनवलं की घर राहू द्या, जागेचं भाडं देतो. सावकाराने ऐकलं नाही, घर पाडायला घेतलं. प्रतिष्ठित घराण्याचं राहतं घर पाडलं जातंय हे गावाने पाहिलं. मग गावाने त्याच्यावर बहिष्कार टाकला. त्याचं शेत कोणी करायचं नाही, त्याच्याकडे पाणी भरायचं नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, त्याच्या दुकानातून काही घ्यायचं नाही. ही कल्पना गावोगाव पसरली. आणि यातली आम्हाला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या लोकांनी हा बहिष्काराचा करार लिहून काढला. त्याला समापत्र म्हणत. करार मोडणाऱ्याला शिक्षा काय, तेही ठरवलं. कागदाने घेरलेल्या लोकांनी स्वतःचा एक कागद केला! फरक एवढाच की हा कागद सगळ्यांसमोर, सगळ्यांना माहीत असलेल्या अटींवर झाला होता आणि त्याची अंमलबजावणी गाव करणार होतं.

आता एका अवघड मुद्द्याकडे यायला हवं. आयोगाने स्पष्ट नोंदवलं आहे की हल्ले जवळजवळ केवळ मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर स्थानिक सावकारही होते, तिथे बहुतेक वेळा त्यांना हात लागला नाही. का? स्थानिक सावकार दयाळू होते म्हणून? तसा पुरावा नाही. त्यांचं व्याज फार कमी होतं असंही नाही. पण त्यांची जमीन गावात, नातीगोती गावात, जत्रेत मान गावात. त्यांना गावाची लाज धरावी लागायची. बाहेरून आलेल्या सावकाराला ती धरायची गरज नव्हती आणि गावालाही त्याची. म्हणजे एका व्यवस्थेवरचा राग सोयीच्या माणसांवर निघाला, असंही हे आहे. १८७५ चा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही बाजू गिळून टाकू नये. ‘परका सावकार’ हे शब्द पुढे या देशात किती वेळा आणि कशासाठी वापरले गेले, ते आपल्याला ठाऊक आहे. डेव्हिड हार्डिमन यांनी पश्चिम भारतातल्या वाण्यांवर लिहिताना हे दाखवलं आहे की सावकार एकटा उभा नव्हता. सारा रोखीत आणि वेळेवर हवा असलेल्या सरकारला तो हवाच होता. शेतकऱ्याने सारा भरायचा कसा, तर सावकाराकडून उचल घेऊन. सरकारचा सारा वेळेवर जमा होतो, राग मात्र सावकाराच्या वाट्याला येतो. आयोगातले एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपण लिहून साऱ्याच्या वाढीकडे बोट दाखवलं होतं. आयोगाच्या बाकीच्या मंडळींना ते मानवलं नाही.

इतिहासकारांत या दंग्यांच्या महत्त्वाबद्दलही मतभेद आहेत. रविंदर कुमार यांच्या मते हा इंग्रजी अमलाने खेड्यातला जुना समतोल मोडल्याचा परिणाम. उलट नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच या दंग्यांच्या कथेला मिथक म्हटलं. त्यांचं म्हणणं, दंगे थोड्या गावांपुरते होते, जमिनी मोठ्या प्रमाणात सावकारांच्या हाती गेल्याच नव्हत्या, आणि सरकारने कायदे केले म्हणून आपण त्यांना मोठं समजतो. यात तथ्य आहे. सावकाराला जमीन घेऊन स्वतः नांगरायची नव्हती, शेतकऱ्यालाच त्यावर राबवायचं होतं. आयोगाने तपासलेल्या गावांत सरकारी जमीन धारण करणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक कर्जात अडकलेले होते, म्हणजे दोन तृतीयांश नव्हते. पण आम्हाला विचाराल तर जमीन किती गेली यावरून या प्रकरणाचं माप काढता येत नाही. सातबारासारख्या नोंदीत नाव तुमचं आणि पीक दुसऱ्याचं, ही अवस्था जमीन-हस्तांतराच्या आकड्यांत दिसत नाही.

मग सरकारने काय केलं? १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ मध्ये येऊन गेला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. त्याच वर्षी ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ मंजूर झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्यात बरंच काही आहे. कर्जापायी अटक बंद. तारण म्हणून स्पष्ट लिहून दिलेली नसेल तर जमीन विकता येणार नाही. हप्ते बांधून देता येतील. सावकाराने पावती द्यायची, हिशेब द्यायचा. शेतकऱ्याचं खत ग्राम-निबंधकासमोरच व्हायचं. दावा लावण्याआधी समेट करणाऱ्याकडे जायचं.

पण या सगळ्यांत मोठं कलम म्हणजे न्यायाधीशाने खताच्या मागे जायचं. कागदावर ८७५ लिहिलेत, ठीक आहे. पण मुळात दिले किती? कधी? मधे धान्य किती घेतलं? पहिल्या दिवसापासूनचा सगळा व्यवहार उकलून, मुद्दल वेगळं आणि व्याज वेगळं काढून कोर्टाने स्वतः हिशेब मांडायचा. करार पवित्र, लिहिलं ते लिहिलं, या मताच्या कायदेपंडितांना हे भयंकर वाटलं. आम्हाला मात्र यात सुप्याच्या बाजारात मांडलेलं म्हणणं कायद्याच्या भाषेत आलेलं दिसतं. कागद सांगतो तेवढंच खरं नसतं, त्याच्या मागे काय घडलं ते विचारा. हा कायदा राबवण्यासाठी नेमलेल्या खास न्यायाधीशांत पुढे खुद्द रानडे होते.

सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखत उकलून पाहतात ना, मग गहाण नकोच. सरळ खरेदीखत करून दे, आणि तोंडी वचन, की पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देईन. आता कागदावर कर्ज कुठेच नाही, विक्री आहे. विक्रीच्या मागे कोर्टाने कसं जायचं? त्यासाठी पुढे कायद्यात दुरुस्ती करून विक्रीसुद्धा मुळात गहाण होती का हे तपासण्याची मुभा द्यावी लागली. आणि दुसरं असं की कायद्याचं संरक्षण ‘शेतकऱ्याला’ होतं, व्यापाऱ्याला कर्ज देणं अवघड झालं, तशी काही भागांत पैसेवाल्या शेतकऱ्यांचीच सावकारी वाढली. मारवाडी गेला आणि पाटील आला, असं काही गावांत झालं. बहिष्काराची निशाणी करणाऱ्यांना हे अपेक्षित असेल का, कोण जाणे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि त्यात खालच्या थरांतल्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला. त्यात सावकार आहे, कुळकर्णी आहे, कोर्टकचेरीतला कामगार आहे. शिक्षणाची मागणी आपण हल्ली नोकरीशी जोडून वाचतो. त्या दिवसांत, त्या जिल्ह्यात, ती मागणी आपल्याच नांगराच्या निशाणीवर काय लिहिलंय ते वाचता यावं, या गरजेशीही जोडलेली होती.

वेळ संपत आली आहे. आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

पहिला प्रश्न असा की रोखे जाळून कायद्याने काय साधलं? कर्ज तर बुडत नाही. अगदी बरोबर. १८७२ चा पुराव्याचा कायदा तेव्हा लागू होता आणि मूळ दस्तऐवज नष्ट झाला तर त्याचा दुय्यम पुरावा देता येतो, अशी सोय त्यात आहे. पण त्यासाठी सावकाराला साक्षीदार उभे करावे लागणार, आणि साक्षीदार गावातलेच. नुसत्या स्वतःच्या वहीतल्या नोंदीवर कोणाला जबाबदार धरता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे रोखा जळला की सावकाराला पुन्हा गावाकडेच तोंड वळवावं लागलं. लोकांना कलमं माहीत नसतील, परिणाम माहीत होता.

दुसरा प्रश्न एका ताईंचा आहे. सावकार पळाले, पण पेरणीला पैसा कुठून आला? ताई, हा फार नेमका प्रश्न आहे, कारण तो सरकारलाही नीट सोडवता आला नाही. तगाई होती, पण ती थोडी आणि तिच्या मागे कचेरीचे हेलपाटे. विल्यम वेडरबर्न यांनी रानड्यांसारख्यांच्या साथीने शेतकी बँकेची योजना मांडली. प्रयोग करायचा ठरला तो सुप्याच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात. आधी जुनी कर्जं तडजोडीने मिटवायची आणि मग बँकेने हलक्या व्याजाने पैसा द्यायचा. पुण्यातले भांडवलवाले तयार होते, हिंदुस्थान सरकारने अनुकूलता दाखवली, आणि लंडनहून भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९०४ साली आला. मधल्या काळात पुरंदरचा शेतकरी बियाण्यासाठी सावकाराच्याच ओसरीवर जाऊन बसत होता.